कामतघरचे ऑपेरावाले

आमच्या स्टाफरूममध्ये आम्हाला ‘ऑपेरावाले’ म्हणतात. आम्ही म्हणजे चौघे. उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवणारे, सगळे तिशीतले, सगळे बी.एड. झालेले आणि कामतघर किंवा त्याच्या आसपास राहणारे. दोन सर, दोन आपा. चौघांपैकी हे कोण लिहीत आहे याला फारसे महत्त्व नाही. जे काही घडले ते चौघांचे मिळून घडले, म्हणून इथे ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे.

कामतघर भिवंडीत आहे. वऱ्हाळा तलाव आहे, देवीचे देऊळ आहे, मशिदी आहेत आणि माग आहेत. मूळचे आगरी, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, कोकणी मुसलमान असे सगळे इथे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. नळावर चार भाषांत भांडण होते आणि चारही भाषा सगळ्यांना कळतात. पण या गावाची खरी भाषा खटाक-खटाक ही आहे. धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. दिवसपाळी संपली की रातपाळी. पाहुणा आला तर त्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला मात्र वीज जाऊन माग थांबले की जाग येते.

अशा गावातल्या मास्तरांना ऑपेराचा नाद कसा लागला, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. काहींनी कौतुकाने, काहींनी नाक मुरडून. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. तो वर्गात लागला.

उर्दू नाटकाचा इतिहास शिकवायचा म्हटले की सुरुवात आगा हसन ‘अमानत’ यांच्या ‘इंदरसभा’पासून होते. लखनौमध्ये 1850 च्या दशकात लिहिलेले हे नाटक बहुतांशी गाण्यांतूनच चालते. आमच्या उर्दू समीक्षकांचा जुना वाद आहे की याला ऑपेरा म्हणावे की रहस म्हणावे. आम्ही एम.ए.ला हा वाद पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. पुढे मास्तर झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, पण ऑपेरा म्हणजे काय?” आम्ही व्याख्या सांगितली, गाऊन केलेले नाटक. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या सिनेमासारखं?” आम्ही म्हणालो, नाही. ती म्हणाली, “मग कव्वालीसारखं?” आम्ही म्हणालो, तसेही नाही. तिने वहीत काही लिहिले नाही. आमच्याकडे बघत राहिली.

बी.एड.ला एक सूत्र घोकून घेतात, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. पाठाच्या टाचणात ते लिहावेच लागते. इथे अडचण अशी होती की अज्ञात जसे मुलांना अज्ञात होते, तसेच ते मास्तरांनाही होते. तेव्हा आमच्यापैकी एका आपांनी शोधून काढले की मुंबईत नरीमन पॉइंटला एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात. सिनेमासारखे तिकीट काढायचे आणि बसायचे. आपा म्हणाल्या, “एकदा बघून येऊ. नाही आवडलं तर मरीन ड्राइव्ह तर आहेच.”

आता कामतघरहून नरीमन पॉइंटला जायचे म्हणजे काय, हे भिवंडीकरांना सांगायला नको. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर, त्याचा मुंबईला जायला थेट उपयोग नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की रिक्षाने अंजूरफाटा, तिथून ठाण्याची बस, कशेळीच्या पुलावरची ट्रॅफिक, ठाण्याहून जलद लोकल, सीएसएमटीला उतरून पुन्हा बस. डब्यात खिमा-पाव. जाताना अडीच तास आणि परतताना रात्र. न्यूयॉर्कचा रसिक मेटला पोहोचायला यापेक्षा कमी वेळ घेत असेल.

सभागृह म्हणजे एनसीपीएचे गोदरेज डान्स थिएटर. बरेचसे प्रेक्षक पारशी आणि वयस्कर, एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे. आमच्या दोन्ही आपा बुरख्यात. आम्हाला वाटले होते, लोक वळून बघतील. कोणी बघितले नाही. मध्यंतरात शेजारच्या एका वृद्ध बाईंनी विचारले, कुठून आलात? भिवंडीहून म्हटल्यावर त्यांनी विचारले, “एवढ्या लांबून? मग जेवणाचं काय केलंत?” आम्ही डबा पुढे केला. खिमा संपला.

हा प्रकार थोडा समजावून सांगायला हवा. मेटचे प्रयोग रेडिओवर 1931 पासून जात आले आहेत. चित्रपटगृहांत थेट दाखवण्याची सुरुवात 30 डिसेंबर 2006 ला झाली, मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ने. शनिवारी दुपारी एक वाजता न्यूयॉर्कमध्ये पडदा वर जातो. अनेक कॅमेरे तो प्रयोग टिपतात आणि उपग्रहावरून तो देशोदेशींच्या चित्रपटगृहांत त्याच क्षणी दिसतो. आपल्याकडे मात्र तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. तीन-साडेतीन तासांचा प्रयोग त्या वेळी सुरू करून कोण बघणार? म्हणून मुंबईत तो नंतरच्या एखाद्या दिवशी, सोयीच्या वेळेला दाखवतात.

यावर आमच्यात परतीच्या लोकलमध्ये मोठी चर्चा झाली. नंतर दाखवले तर ते ‘लाइव्ह’ कसले? गणिताचे सर म्हणाले, रमजानमध्ये आपण काय करतो? आपली तरावीह पढून घरी येतो, हातपाय धुतो आणि टीव्ही लावला की मक्केत हरममध्ये तरावीह चाललेली असते. अडीच तासांचा फरक. ते खरे लाइव्ह. भिवंडीतल्या किती घरांत म्हातारी माणसे त्या पडद्यासमोर हुंदके देत बसतात. दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग लावले तर कोणी तसे बसत नाही. तुलना इबादतीची नव्हती, फक्त तंत्राची होती, हे त्यांनी दोनदा सांगितले. पण मुद्दा आम्हाला पटला. आत्ता, या क्षणी, दूर कुठे तरी जिवंत माणसे हे करत आहेत ही जाणीव वेगळीच असते. मेटच्या प्रयोगात ती बऱ्याच अंशी टिकते, कारण चुका कापलेल्या नसतात. गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो. दमसास कुठे घेतला ते दिसते.

आणि आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो तो मध्यंतर. त्या वेळी कॅमेरा पडद्यामागे जातो. नुकताच मेलेला नायक हसत मुलाखत देतो. त्याच्या मागे कामगार असतात. कोणी भिंत ढकलतो आहे, कोणी जिना उचलतो आहे, कोणी दोर सोडतो आहे. पारशी मंडळी तेव्हा चहाला जातात. आम्ही जागेवरून हलत नाही. आमच्यापैकी तिघांच्या घरात माग चालवलेले आहेत. माल बाजारात दिसतो, पण कारखान्यातला माणूस दिसत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. इथे कारखाना दाखवतात.

आता अब्बांची गोष्ट. अब्बा आमच्यापैकी एकाचे, पण चौघेही त्यांना अब्बाच म्हणतो. आजमगढकडून पोरवयात आले आणि चाळीस वर्षे त्यांनी माग चालवले. बारा तासांची पाळी. कान गेले आहेत. पूर्ण नाही, पण टीव्ही ते एवढ्या मोठ्याने लावतात की शेजारच्यांना वेगळा टीव्ही लावावा लागत नाही. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात. ही सवय मागवाल्यांची आहे. कारखान्यात कानाशी ओरडले तरी शब्द पोहोचत नाही, म्हणून ते ओठ वाचतात आणि बोटांनी बोलतात. अब्बा वारंवार एकच तक्रार करतात, “आवाज तो आती है, समझ में नहीं आती.” घरातल्यांना वाटायचे, वयाप्रमाणे लक्ष लागत नाही.

‘आईदा’ लागणार होती तेव्हा अब्बा म्हणाले, आम्हीही येतो. आम्ही जरा घाबरलो. एवढा प्रवास, वर ऐकू न येणारा माणूस आणि भाषा इटालियन. पण त्यांना नाही कोण म्हणणार?

‘आईदा’ची हकीकत आपल्या लोकांना माहीत असायला हवी, कारण तिचा जन्म कैरोचा आहे. मिसरचे खेदिव इस्माईल पाशा यांनी सुएझ कालव्याच्या उद्घाटनाच्या वर्षी, 1869 मध्ये, कैरोत ऑपेरा हाऊस बांधून घेतले. 1 नोव्हेंबरला ते वेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ने उघडले आणि 17 नोव्हेंबरला कालवा. पुढे त्यांनी वेर्दीकडूनच मिसरच्या कथेवर नवा ऑपेरा लिहून घेतला. त्याचे पडदे आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार होत होते. तेवढ्यात फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला आणि सामान तिथेच अडकले. अखेर 24 डिसेंबर 1871 ला कैरोत ‘आईदा’चा पहिला प्रयोग झाला. ते लाकडी ऑपेरा हाऊस 1971 मध्ये जळून गेले. म्हणजे जिला आपण निव्वळ युरोपची चीज समजतो, तिचे एक अतिशय गाजलेले लेणे एका मुसलमान राजाच्या पैशाने, एका मुसलमान शहरात पहिल्यांदा उभे राहिले. इस्माईल पाशांच्या उधळपट्टीने देश कर्जात बुडाला आणि त्या कर्जाच्या वाटेने पुढे इंग्रज आले, हेही तितकेच खरे. शौक राजाचा आणि हप्ते रयतेचे. मागाच्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

गोष्ट फिरऔनच्या जमान्यातली. हबशी राजकन्या आईदा मिसरमध्ये गुलाम आहे. मिसरचा सेनापती रादामेस तिच्यावर जीव लावून बसला आहे आणि फिरऔनची मुलगी त्याच्यावर. अब्बांना गाडीतच गोष्ट सांगून ठेवली होती. त्यांनी एकच शंका काढली, “फिरऔन है, तो मूसा अलैहिस्सलाम कहाँ हैं?” आम्ही म्हटले, यात नाहीत. ते म्हणाले, “फिर फिरऔन को कौन रोकेगा?” ऑपेरा संपेपर्यंत त्यांचा हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. खरेच, त्याला कोणी रोखत नाही. सेनापतीला जिवंतपणी तळघरात चिणतात, आईदा आधीच तिथे येऊन लपलेली असते आणि वर मंदिरात पूजा चालू राहते.

विजयाच्या मिरवणुकीत रंगमंचावर खरे घोडे आले तेव्हा अब्बा खुर्चीत पुढे सरकले. पण त्यांनी परतताना जे विचारले ते घोड्यांबद्दल नव्हते. “इतने बाजे के ऊपर से उस आदमी की आवाज कैसे निकलती है? माइक कहाँ छुपाया है?” आम्ही सांगितले, माइक नाही. मेटच्या सभागृहात जवळपास 3800 लोक बसतात, समोर वाद्यवृंद असतो आणि तरीही गायक उघड्या गळ्यानेच गातात. माइक आहे तो आपल्यासारख्या पडद्यावाल्यांसाठी. अब्बांचा विश्वास बसेना. मग स्वतःशीच म्हणाले, “हमारे कारखाने में एक मुकादम था. चिल्लाता नहीं था, पर आवाज पहुँचती थी. पतली करके फेंकता था.”

विज्ञानाच्या आपांनी हे मनात धरून ठेवले आणि त्या पुस्तकांच्या मागे लागल्या. निघाले ते असे. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंदबेरी यांनी 1970 च्या दशकात ऑपेरा गायकांच्या आवाजाचा अभ्यास केला. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर वर तो ओसरत जातो. तयारीचा गायक, विशेषतः पुरुष गायक, घसा आणि तोंड असे काही जुळवतो की त्याच्या आवाजाची बरीच ताकद 3000 हर्ट्झच्या आसपास गोळा होते. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो, म्हणून आवाज त्याच्यावरून निघून जातो. जोर लावून नाही, मोकळी जागा शोधून. मुकादमाला हे शास्त्र ठाऊक नव्हते, जागा ठाऊक होती.

इथवर आम्हाला गंमत वाटत होती. पुढचे पान वाचले तेव्हा गंमत संपली. सततच्या गोंगाटाने माणसाचे कान जातात तेव्हा ते सगळीकडून सारखे जात नाहीत. पहिला खड्डा पडतो तो 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि सगळ्यात खोल साधारण 4000 ला. म्हणजे ज्या मोकळ्या जागेतून गायकाचा आवाज वर येतो, जवळपास तीच जागा मागवाल्याच्या कानातून आधी पुसली जाते. आणि भाषेतले बारीक वर्णही तिथेच राहतात. सीन, शीन, फे. उर्दू मास्तरांनी मुलांकडून घोकून घेतलेले सगळे मखरज. जाड स्वर ऐकू येतात, धारदार व्यंजने गळतात. ‘आवाज येतो, पण समजत नाही’ ही अब्बांची तक्रार म्हणजे त्यांच्या कानाचे अगदी अचूक निदान होते. आम्ही ती तक्रार वर्षानुवर्षे ऐकली आणि ती वयाच्या खात्यावर टाकली गेली.

आतल्या कानातल्या त्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा आपल्याकडच्या कारखाना नियमांनी घालून दिली. धोट्याच्या मागांचा कारखाना ती सहज ओलांडतो. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे 90 आणि 100 यांच्यात दहापट अंतर आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. कायद्याला माहीत होते. अब्बांना कोणी सांगितले नव्हते.

मग 2020 चा मार्च आला आणि माग थांबले. कामतघरला अशी शांतता आमच्यापैकी कोणी ऐकलेली नव्हती. आधी चार दिवस बरे वाटले. मग लोकांची रोजी संपली. नाशिकच्या हमरस्त्याने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे चालत निघाली. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोडवरून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. ज्या स्टेशनाचा आम्हाला कधी उपयोग नव्हता, त्याचे नाव तेव्हा देशभरच्या बातम्यांत आले.

त्याच दिवसांत मेटही बंद होते. पण त्यांनी दर रात्री एक जुना प्रयोग इंटरनेटवर फुकट दाखवायला सुरुवात केली. तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे पाच. रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला. सहरी झाली, फज्र झाली की नवा ऑपेरा आलेला असायचा आणि तो पुढे तेवीस तास राहायचा. मशिदी बंद, शाळा बंद. चौघे चार घरांत मोबाइल हातात घेऊन बसायचो. कोणी पूर्ण बघायचे, कोणी अर्धा. आमच्यातल्या एका आपांच्या घरी मौसिकी पसंत नाही आणि त्या स्वतः रोज्यात गाणे ऐकत नाहीत. त्यांनी महिनाभर काही बघितले नाही. आम्ही त्यांना आग्रह केला नाही, त्यांनी आम्हाला टोकले नाही. ईद झाल्यावर त्यांनी विचारले, काय काय बघितले ते सांगा. या विषयावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. चौघांची मैत्री त्यावर मोडू नये, एवढे आम्हाला साधले आहे.

त्या शांततेत अब्बा एका सकाळी म्हणाले, “किसका लूम चल रहा है?” कोणाचाच चालत नव्हता. ते म्हणाले, “चल रहा है, सुनो.” खिडकीपाशी गेले, गल्लीत बघितले, परत आले. माग त्यांच्या कानातच चालू होता. बाहेरचा खडखडाट थांबल्यावर तो त्यांना पहिल्यांदा वेगळा कळला. याला डॉक्टरी भाषेत नाव आहे. गेलेल्या कानांत असा आवाज घुमतो. पण त्या सकाळी आम्हाला ते नाव माहीत असूनही उच्चारवले नाही.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही त्यांना तपासणीला नेले. कागदावर दोन कानांच्या दोन रेघा आल्या. डावीकडून सरळ येऊन 4000 पाशी खाली कोसळलेल्या. पुस्तकात होती तशीच आकृती. यंत्र घेतले. ते अब्बा जुम्म्याला लावतात, खुतब्यासाठी, आणि ऑपेराला लावतात. एरवी डबीत ठेवतात. म्हणतात, बाजारात त्याने सगळाच गोंगाट मोठा होतो. तेही बरोबरच आहे.

आता वर्गाकडे येतो, कारण तो प्रश्न अजून तिथेच होता. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आमच्या लक्षात आले की ज्ञात आपल्याकडे भरपूर आहे, फक्त आपण त्याला त्या नावाने हाक मारत नाही. ‘इंदरसभा’ मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनी गावोगाव नेली. अशा मंडळीचा खेळ पुण्यात पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची ओढ लागली आणि 1880 मध्ये ‘शाकुंतल’ उभे राहिले, असे मराठी रंगभूमीचा इतिहास सांगतो. बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असायचे. उर्दू आणि मराठी यांची सोयरीक जुनी आहे, आणि तिच्यात देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे 1967 चे नाटक, त्याचा 2015 मध्ये सिनेमा आला. त्यातले खाँसाहेब मुलांना लगेच कळतात. मोठ्या गळ्याचा माणूस मत्सराने कसा लहान होतो, हे उर्दूतून वेगळे समजवावे लागत नाही.

मुंबईच्या ऑपेरा हाऊसची गोष्टही आम्ही सांगतो. 1911 मध्ये पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन, मग नाटके, मग सिनेमा, 1993 मध्ये दारे बंद, 2016 मध्ये पुन्हा उघडले आणि पुन्हा तिथे ऑपेरातली गाणी झाली. ‘ऑपेरा हाऊस’ हे बसच्या थांब्याचे नाव म्हणून मुलांना माहीत असते. ते खरोखरीचे घर आहे हे कळले की त्यांना हसू येते.

आणि आणखी एक गोष्ट सांगतो, मोझार्टच्या 1782 च्या एका ऑपेराची. तुर्कस्तानच्या पाशाच्या महालात युरोपातली माणसे कैदेत सापडतात. पहारेकरी उस्मीन क्रूर आणि हास्यास्पद रंगवला आहे, जसा मुसलमान रंगवायची तिकडे रीत होती. पण शेवटी पाशा सलीमला कळते की समोरचा कैदी आपल्या जुन्या शत्रूचा मुलगा आहे, आणि तो त्याला सोडून देतो. अन्यायाची परतफेड उपकाराने करणे जास्त सुखाचे आहे, असे त्याचे म्हणणे. गंमत म्हणजे सगळ्या ऑपेरात हा पाशा एकही ओळ गात नाही, फक्त बोलतो. मुलांनी विचारले, त्याला गाणे का दिले नाही? आम्ही म्हटले, तुम्हीच सांगा. एक मुलगी म्हणाली, “त्याला ओरडायची गरज नव्हती.”

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आपांनी मुलांकडून ‘आपले कान’ हा प्रकल्प करून घेतला. मोबाइलमधले आवाज मोजायचे ॲप काही पक्के नसते, पण अंदाज येतो. मुले आपापल्या गल्लीतल्या कारखान्यांच्या दारात उभी राहिली आणि आकडे लिहून आणले. बहुतेक नव्वदच्या वर. एका तक्त्यावर गायकाच्या आवाजाची रेघ, शेजारी अब्बांच्या कानाची रेघ. अब्बांनी परवानगी दिली, पण नाव लिहू नका म्हणाले. बघायला आलेले पालक त्या दुसऱ्या रेघेपाशी थांबत होते.

प्रदर्शनाने काही बदलले असे आम्ही म्हणणार नाही. भिवंडीत बरेच माग भंगारात गेले, त्यांच्या जागी गोदामे आली. पण जे चालू आहेत त्यांत आमच्या मुलांचे वालिद आहेत, आणि शाळा सुटल्यावर कांड्या भरायला जाणारी मुलेही आहेत. आम्ही कानात घालायचे फोमचे बूच आणून वर्गात वाटले. चहाच्या किमतीत जोडी येते. आठ दिवसांनी एका मुलाने त्याच्या अब्बांची जोडी परत आणून दिली. त्यांचे म्हणणे, मागवाला कानाने माग चालवतो. धागा तुटला, धोटा अडखळला, तर ते आधी ऐकू येते, मग दिसते. कान बंद करून माग कसा चालवायचा?

हा प्रश्न खोटा नाही. आपांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या मुलाबरोबर रातपाळीच्या आधी कारखान्यात गेल्या, त्याच्या वालिदांना बूच घालायला लावले आणि शेजारी उभ्या राहिल्या. त्या माणसाने डोळे मिटून थोडा वेळ ऐकले. मागाचा आवाज लांब गेला होता, पण नाहीसा झाला नव्हता. मध्येच त्याची भुवई हलली. त्याने डोळे उघडले आणि चौथ्या मागाकडे बोट केले. तिथे धागा तुटला होता.

जोडी त्याने खिशात ठेवली. रोज घालतो की नाही, ते त्याचा मुलगा आम्हाला सांगतो. काही दिवस हो म्हणतो, काही दिवस गप्प बसतो.